गुडघ्याचे लिगामेंट : दुखापत एका क्षणाची, दुखणे आयुष्यभराचे

कबड्डीचा सामना रंगात आलेला असतो. चढाईपटू गडी टिपून मध्यरेषेकडे वळतो आणि अचानक गुडघा धरून खाली बसतो. त्याला कुणी धक्का दिलेला नसतो, कुणी पकडलेलेही नसते. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाल्याचे तो सांगतो. मित्र त्याला दोन्ही बाजूंनी धरून घरी आणतात.

पुढचे सारे आपल्या ओळखीचे असते. कुणी म्हणते, 'नस चढली.' कुणी म्हणते, 'वाटी सरकली.' रात्री तेल गरम करून मालीश होते, मिठाचा शेक दिला जातो, सकाळी हाडवैद्याकडे नेऊन लेप लावला जातो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा चालू लागतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. महिन्याभराने तो पुन्हा मैदानात उतरतो आणि वळताना गुडघा पुन्हा दगा देतो. असे दोन-तीनदा झाल्यावर कुणीतरी त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेते. तोवर गुडघ्यातले लिगामेंट तर तुटलेले असतेच, पण त्याच्या जोडीला आतली गादीही फाटलेली असते.

ही दुखापत पुष्कळ वेळा टाळता येते. ती झालीच तर वेळेवर ओळखून गुडघ्याचे पुढचे नुकसान थांबवता येते. या दोन्ही गोष्टींत डॉक्टरांइतकाच वाटा प्रशिक्षकाचा आणि घरच्यांचा आहे. म्हणून हा विषय खेळाडूच्या अम्मी-अब्बांनीही समजून घ्यायला हवा.

गुडघ्याच्या आत काय असते?

वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढे वाटी, अशी गुडघ्याची रचना असते. हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना लिगामेंट म्हणजे अस्थिबंध म्हणतात. गुडघ्यात असे चार मुख्य अस्थिबंध आहेत. दोन गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला असतात. उरलेले दोन सांध्याच्या अगदी मधोमध, गुणाकाराच्या चिन्हासारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतला पुढचा तो एसीएल आणि मागचा तो पीसीएल.

एसीएलची लांबी साधारण तीन ते चार सेंटीमीटर आणि जाडी आपल्या करंगळीएवढी. पण त्याचे काम मोठे आहे. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघा प्रमाणाबाहेर पिळू न देणे हे त्याच्याकडे असते. शिवाय गुडघा कोणत्या स्थितीत आहे याची खबर मेंदूला देणारे मज्जातंतूही त्यात असतात. त्यामुळे ते तुटले की गुडघा सैल तर होतोच, पण त्याच्यावरचा भरवसाही जातो. सरळ रस्त्यावर चालताना काही जाणवत नाही. जिना उतरताना किंवा पटकन वळताना मात्र पाय 'सुटल्यासारखा' वाटतो.

दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. लिगामेंट तुटलेला गुडघा पुन्हा पुन्हा सरकला की या गाद्या चिरडतात. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजू लागते. त्यामुळे ज्यांची ही दुखापत विशी-पंचविशीत झाली, त्यांतल्या अनेकांना चाळिशीच्या आतबाहेरच संधिवाताची सुरुवात झालेली दिसते. दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांच्या गुडघ्यात झीज आढळते, असे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत दिसून आले आहे.

बाजूच्या अस्थिबंधांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आतल्या बाजूच्या लिगामेंटला रक्तपुरवठा चांगला असल्याने ते बहुतेक वेळा पट्टा आणि विश्रांतीने भरून येते. एसीएल मात्र सांध्याच्या द्रवात असते. पूर्ण तुटले की त्याची दोन टोके सहसा आपोआप नीट जुळत नाहीत.

लिगामेंट तुटते कसे?

जोराची टक्कर झाली तरच लिगामेंट तुटते, असा बहुतेकांचा समज असतो. तसेही होते. ऑक्टोबर २०२० मध्ये लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक याला एव्हर्टनच्या गोलरक्षकाच्या धडकेने एसीएलची दुखापत झाली आणि त्याचा उरलेला सारा हंगाम वाया गेला. मागच्या लिगामेंटच्या, म्हणजे पीसीएलच्या दुखापतीतही पुष्कळदा वाकलेल्या गुडघ्यावर पडणे किंवा त्याला समोरून मार लागणे हे कारण असते. जुलै २०२२ मध्ये गॉल कसोटीत क्षेत्ररक्षण करताना पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज शाहीन आफ्रिदी याच्या याच लिगामेंटला इजा झाली होती.

पण एसीएलच्या दुखापतींपैकी सुमारे सत्तर टक्के दुखापती गुडघ्याला कुणाचाही थेट धक्का न लागता होतात. खेळाडू स्वतःच धावता धावता अचानक थांबतो, दिशा बदलतो किंवा उडी मारून एका पायावर उतरतो. त्या वेळी तळपाय जमिनीत घट्ट रुतलेला असतो, गुडघा जवळजवळ सरळ असतो, अंगाचा भार एका बाजूला झुकलेला असतो आणि गुडघा आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे कोसळतो. मांडीचे हाड एकीकडे आणि नडगी दुसरीकडे पिळली जाते. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास हे सारे घडून गेलेले असते. इतक्या कमी वेळात 'आता सावरू' असा विचार कुणालाच करता येत नाही. स्नायूंना आधीच सवय असेल, तरच गुडघा वाचतो.

प्रत्येक खेळात हा क्षण वेगळ्या रूपात येतो. कबड्डीत मध्यरेषेकडे झेप घेताना घोटा पकडला गेला की पाय जागीच अडकतो आणि अंग मात्र फिरते. खो-खोमध्ये पूर्ण वेगात असताना दिशा बदलावी लागते. फुटबॉलमध्ये समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायला धावलेला खेळाडू त्याने दिलेल्या हुलकावणीमुळे अचानक पाय रोवतो. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशनंतर आणि बॅडमिंटनमध्ये डोक्यावरून फटका मारल्यानंतर एका पायावर उतरावे लागते. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर घसरत चेंडू अडवताना पाय जमिनीत रुततो. खेळ कोणताही असो, गुडघा आत कोसळणे हेच या सगळ्यांतले समान कारण असते.

मुलींना धोका जास्त का?

फुटबॉल किंवा बास्केटबॉलसारखा एकच खेळ खेळणाऱ्या मुलगे आणि मुलींची तुलना केली, तर मुलींमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण दोन ते आठ पट जास्त असल्याचे वेगवेगळ्या अभ्यासांत आढळले आहे. स्पेनची अलेक्सिया पुतेयास २०२१ सालची जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली होती. जुलै २०२२ मध्ये युरो स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सरावात तिचे एसीएल तुटले. २०२३ च्या महिला विश्वचषकाला इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन, तिचीच सहकारी बेथ मीड आणि नेदरलँड्सची व्हिवियन मिडेमा या साऱ्या याच दुखापतीमुळे मुकल्या.

याची कारणे काही प्रमाणात शरीराच्या रचनेत आहेत. मुलींचा खुबा रुंद असल्याने मांडीचे हाड गुडघ्याकडे अधिक तिरके येते. लिगामेंट जिथून जाते ती हाडातली खाच अरुंद असते. वयात येताना उंची आणि वजन वाढते, पण त्या प्रमाणात मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद वाढत नाही. पाळीच्या चक्रातल्या हार्मोनचा परिणाम होतो का, यावरही संशोधन सुरू आहे.

पण दुसरे कारण आपल्या हातातले आहे. मुलगे लहानपणापासून भिंतीवरून उड्या मारतात, झाडावर चढतात, गल्लीत धावतात, पडतात आणि उठतात. अंग सांभाळून कसे उतरायचे हे त्यांचे शरीर खेळता खेळताच शिकते. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की अनेक घरांत तिचे धावणे-खेळणे बंद होते. मग आठवी-नववीत शाळेच्या संघात निवड होते आणि स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी तिला एकदम मैदानात उतरवले जाते. ना स्नायूंची तयारी, ना उतरण्याचा सराव. अशा वेळी दुखापत झाली की दोष मात्र मुलीच्या नाजूकपणाला दिला जातो.

मुंब्र्यात 'परचम' संस्थेच्या पुढाकाराने मुस्लिम मुली फुटबॉल खेळू लागल्या. अनेक गावांत आपल्या मुली कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या स्पर्धांत उतरत आहेत. दुखापतीच्या भीतीने त्यांना घरी बसवणे हा उपाय नव्हे. अंगात ताकद आणि तोल यावा म्हणून त्यांना मुलांइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, तयारी करायला मिळाली पाहिजे. या तयारीतला बराचसा भाग घराच्या अंगणात, गच्चीवर किंवा बैठकीच्या खोलीतही होऊ शकतो.

मैदान, बूट आणि थकवा

आता शहराशहरांत भाड्याने मिळणारी टर्फ मैदाने झाली आहेत. दिवसभर ऑफिसात किंवा दुकानात बसलेले तरुण रात्री दहा वाजता गाडीवरून उतरतात, बूट चढवतात आणि थेट खेळायला लागतात. तासाचे पैसे भरलेले असल्याने वॉर्मअपमध्ये दहा मिनिटे घालवणे कुणाला परवडत नाही. कृत्रिम गवतावर बुटाची पकड जास्त असते. अंग वळते, पण बूट जागचा हलत नाही आणि सारा पीळ गुडघ्यावर येतो. नैसर्गिक गवतासाठी बनवलेले लांब खिळ्यांचे बूट अशा मैदानावर घालू नयेत; त्यासाठी आखूड आणि जास्त संख्येने खिळे असलेले बूट मिळतात. झिजलेले किंवा मोठ्या भावाचे सैल बूट घालून खेळणेही धोक्याचे.

मैदानावरचे खड्डे, दगड, अर्धवट ओली जमीन आणि नीट न जोडलेल्या मॅटच्या फटी खेळ सुरू होण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी बक्षिसाच्या रकमेइतकेच लक्ष या गोष्टींकडे दिले, तर पुष्कळ गुडघे वाचतील.

थकवा हे आणखी एक कारण. थकलेले स्नायू उशिरा प्रतिसाद देतात आणि तेवढ्यात गुडघा कोसळतो. सुट्टीतल्या स्पर्धांत एकाच दिवशी तीन-चार सामने खेळले जातात. रमजानमध्ये तरावीहनंतर अंडरआर्म क्रिकेटचे सामने सहरीपर्यंत रंगतात. झोप अपुरी, दिवसभराचा रोजा आणि वर पूर्ण वेगाने धावणे. अशा रात्री खेळायचेच असेल, तर इफ्तारनंतर पाणी पुरेसे प्यावे, वॉर्मअप चुकवू नये आणि अंग जड वाटू लागले की बदली खेळाडूला संधी द्यावी.

वीस मिनिटांची तयारी

ही दुखापत व्यायामाने टाळता येते याचे चांगले पुरावे आहेत. जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, तज्ज्ञांच्या मदतीने 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार केला. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी होत्या. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ फुटबॉलपटू मुलींची पाहणी झाली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे गुडघ्याचे व्यायाम करणाऱ्या मुलींमध्ये एसीएलच्या दुखापतीचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नव्हते.

हे व्यायाम साधारण असे आहेत :

१. हलके धावणे, ८ मिनिटे. सरळ, आडवे, मागे. मध्येच थांबून गुडघा उचलून खुबा आत-बाहेर फिरवणे. अंगाला ऊब येणे हा उद्देश.

२. पोट आणि कंबर. कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ रेषेत धरून २० ते ३० सेकंद थांबणे, तीनदा. मग तेच एका कुशीवर. धड स्थिर असेल तर गुडघ्यावर तिरका भार येत नाही.

३. मांडीच्या मागचे स्नायू. जमिनीवर चटई घालून गुडघ्यांवर उभे राहावे. जोडीदाराने मागून दोन्ही घोटे घट्ट धरावेत. कंबरेत न वाकता अंग हळूहळू पुढे झुकवावे आणि तोल जाईल तेव्हा हात टेकावेत. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. हे स्नायू नडगीला मागे खेचून धरतात, म्हणजे एसीएलचे काम वाटून घेतात.

४. एका पायावर तोल. गुडघा किंचित वाकवून एका पायावर ३० सेकंद उभे राहावे. जमले की त्याच स्थितीत समोरच्याशी चेंडूची फेकाफेक करावी.

५. उठाबशा. खुर्चीवर बसल्यासारखे खाली जावे आणि वर यावे. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत, आत वळता कामा नयेत.

६. उड्या. जागेवर वर, मग डावी-उजवीकडे. उतरताना गुडघे आणि खुबा वाकलेले हवेत आणि पायांचा आवाज कमीत कमी यायला हवा. धप्प आवाज आला तर उडी चुकली असे समजावे.

७. शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे आणि पाय रोवून दिशा बदलण्याचा सराव.

मोबाइलचा इथे चांगला उपयोग होतो. भावाने किंवा बहिणीने समोर उभे राहून उडीचे चित्रीकरण करावे आणि ते संथ गतीने पाहावे. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील, तर त्या खेळाडूला या व्यायामांची सर्वांत जास्त गरज आहे. मात्र एक लक्षात ठेवावे. हे व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा आणि हंगामभर करावे लागतात. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात चार दिवस केल्याने फारसे काही साधत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी सुरुवात केली तर उत्तमच, पण पस्तिशीत टर्फवर खेळणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो.

दुखापत झालीच तर

गुडघ्यात आवाज होणे, पाय सुटल्यासारखा वाटणे आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजणे ही तीन लक्षणे एकत्र आली, तर लिगामेंट तुटले आहे असे धरून चालावे. इतक्या लवकर येणारी सूज बहुधा सांध्यात रक्त साचल्याची असते.

खेळ तिथेच थांबवावा. 'थोडे चालून बघ', 'एक ओव्हर टाकून बघ' असा आग्रह करू नये. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावावा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा. इलॅस्टिकची पट्टी फार आवळून नव्हे, पण नीट बांधावी. पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस मालीश आणि शेक दोन्ही नकोत. त्याने सूज आणि रक्तस्राव वाढतो. पायावर अजिबात भार देता येत नसेल, गुडघा अडकून बसला असेल किंवा पाऊल गार अथवा बधिर पडले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हाडवैद्यांचा अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. पण लिगामेंट हे हाड नव्हे, त्यामुळे ते बसवून जागेवर येत नाही. लेपाने सूज उतरली म्हणजे लिगामेंट जुळले, असेही नाही. एक्स-रेमध्ये फक्त हाडे दिसतात. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त होऊ नये. अस्थिरोगतज्ज्ञ गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. त्या साध्या तपासणीतच बरेच कळते आणि गरज पडल्यास एमआरआय काढला जातो.

ऑपरेशन करावे का?

तुटलेले प्रत्येक एसीएल ऑपरेशनला नेलेच पाहिजे असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर एक महत्त्वाचा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला आधी फक्त व्यायामोपचार देण्यात आले आणि गरज वाटली तरच ऑपरेशन असे ठरले. पाच वर्षांनंतर त्या गटातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना ऑपरेशन करावे लागले नव्हते. सरळ चालणे, पोहणे, सायकल चालवणे एवढेच करायचे असेल, तर ताकदवान स्नायूंच्या आधारावर अनेकांचे चांगले भागते.

पण कबड्डी, फुटबॉल, कुस्तीसारख्या खेळांत परतायचे असेल, गुडघा रोजच्या जगण्यातही सुटत असेल किंवा सोबत गादी फाटली असेल, तर डॉक्टर ऑपरेशनचा सल्ला देतात. दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध घेऊन नवे लिगामेंट बसवले जाते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हाडांच्या वाढीचा भाग सांभाळावा लागतो, म्हणून तिथे अनुभवी डॉक्टर निवडावा. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हे ऑपरेशन होते; केवळ खर्चाच्या धास्तीने तपासणी लांबवू नये.

परतण्याची घाई नको

खरी परीक्षा ऑपरेशननंतर सुरू होते. बसवलेला स्नायूबंध सुरुवातीच्या काही महिन्यांत आधी कमकुवत होतो आणि मग हळूहळू लिगामेंटसारखा पक्का होत जातो. नेमके याच काळात दुखणे कमी झालेले असते, त्यामुळे मुलाला वाटते आपण बरे झालो. नऊ महिन्यांपूर्वी परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापतीचा धोका बराच जास्त असतो. पंचविशीच्या आतल्या, मैदानात परतलेल्या खेळाडूंपैकी साधारण चार-पाच जणांमागे एकाचे त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचे लिगामेंट पुन्हा तुटते. फक्त कॅलेंडर पाहून चालत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली आहे का, एका पायावरची उडी दोन्ही बाजूंनी सारखी जमते का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे.

फुटबॉलपटू नेमारचे लिगामेंट ऑक्टोबर २०२३ मध्ये तुटले. जगातल्या उत्तमोत्तम सोयी हाताशी असूनही त्याला मैदानात परतायला एक वर्ष लागले. मग आपल्या मुलाने चार महिन्यांत तालुक्याच्या स्पर्धेत उतरावे, ही अपेक्षा कशी धरायची?

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न हमखास येतो, तो नमाजचा. सजदा आणि कादा यांत गुडघा पूर्ण दुमडतो आणि त्यावर भार येतो. ऑपरेशननंतर सुरुवातीला ते जमत नाही आणि बळेच करूही नये. आजारी माणसाला खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. गुडघा किती वाकवायचा आणि जमिनीवर कधी बसायचे, हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला स्पष्ट विचारावे. मात्र खुर्चीची सवय लागली म्हणून गुडघा वाकवण्याचे व्यायाम सोडून देऊ नयेत.

आणि निराश होण्याचेही कारण नाही. कुस्तीपटू विनेश फोगट हिला २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले होते. दोन वर्षांनी तिने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये डाव्या गुडघ्याचे एसीएल तुटल्यावर तिच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषक अर्ध्यावर सोडून गुडघ्याच्या ऑपरेशनला सामोरा गेलेला रवींद्र जडेजा फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर कसोटीत उतरला, तेव्हा त्याने पहिल्याच डावात ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले आणि सत्तर धावाही काढल्या. या पुनरागमनांमागे रोजच्या रोज केलेल्या कंटाळवाण्या व्यायामाचे महिने होते.

घरच्यांनी काय करावे?

शाळेच्या किंवा क्लबच्या प्रशिक्षकाला एकदा भेटून विचारावे, 'सरावाआधी गुडघ्यांचे व्यायाम घेता का?' नसतील घेत, तर वर दिलेले व्यायाम त्यांना दाखवावेत. मुलांच्या बुटांवर खर्च करताना हात आखडू नये. डाळी, अंडी, दूध, मासे असा प्रथिनांचा आहार आणि पुरेशी झोप मुलींनाही मुलांइतकीच मिळते ना, हे पाहावे. गुडघा सुजून मूल घरी आले, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून आधी बर्फ काढावा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा.

ऑपरेशन झालेल्या मुलाला सर्वांत जास्त त्रास होतो तो 'अजून बरा नाही झालास?' या प्रश्नाचा. मित्र मैदानात असतात आणि तो खिडकीत बसलेला असतो. अशा वेळी त्याच्यासोबत बसून व्यायामाचे आकडे मोजणारे कुणीतरी घरात हवे. संध्याकाळची ती वीस मिनिटे अब्बा, आपा किंवा भाई यांपैकी कुणीही देऊ शकते.